चारशे छत्तीस फेरे

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेसुद्धा विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाले, "कुठचा?"

"कल्याणचा."

"किती लांब?"

"फार नाही. तासभर."

त्यांनी दाराची एक फळी लोटून घेतली आणि उरलेल्या फटीतून म्हणाले, "तास हे काय अंतर हाय? तासभर माणूस झोपतो, तासभर बायका भांडतात. किती लांब ते विचारलं मी."

मी बीएस्सी, गणित घेऊन. पहिला वर्ग. आणि आपलं घर इथून किती लांब आहे हे मला माहीत नव्हतं. तरी तोऱ्यात ठोकून दिलं, "असेल चाळीस किलोमीटर."

"असंल म्हंजे? कल्याण हालतंय का? आन कुठून मोजलंस? शापूरच्या स्टँडवरनं, का ह्या दारातनं? कल्याणात कुठवर? स्टेशन, का तुजी मोरी?"

दुसरी फळीही लागणार होती. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अवो, त्याला आत घ्या आदी. दीड हातावर हाय तो, उन्हात हाय." काकूंनी आकडा सांगितला म्हणून मला खोली मिळाली, अशी माझी आजही समजूत आहे.

शहापुरातल्या त्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. घरमालकांना सगळी आळी काकाच म्हणायची, मीही काकाच म्हणायला लागलो. काका रस्त्याच्या खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. शहापूर-मुरबाड पट्ट्यात त्यांनी खडी टाकली नाही असा रस्ता नाही. भातसानगरची वसाहत, म्हशाची वाट, कसाऱ्याकडचे फाटे, सगळं त्यांनी पायाखाली घातलेलं. किलोमीटरचे दगड बसवायचं कामही त्यांच्याकडे असायचं. सरकार जेवढं म्हणून लिहितं त्यातलं खरं तेवढं दगडावरचं, असं त्यांचं ठाम मत होतं. कारण ते त्यांनी स्वतः मोजलेलं असायचं.

मोजायचं त्यांचं यंत्र पडवीत खिळ्याला टांगलेलं असे. जुन्या सायकलचं पुढचं चाक, चिमट्यासकट. चिमट्याला लाकडी दांडा आणि चाकाच्या कडेला लाल चिंधी. चिंधी जमिनीला टेकली की एक फेरा. एक फेरा म्हणजे दोन मीटर वीस सेंटिमीटर. दसऱ्याला काकूंच्या विळीला झेंडूचं एक फूल आणि चाकाला अख्खी माळ, असा त्या घरचा रिवाज. काकू म्हणायच्या, "लग्नात माज्या गळ्यात तरी एवडी जाड माळ होती का, आटवत नाय."

त्या घरात शब्द जपून वापरावे लागायचे. एकदा मी फोनवर कुरियरवाल्याला पत्ता सांगत होतो, "देवळापासून हाकेच्या अंतरावर." फोन ठेवला तर काका समोर हजर.

"कुणाच्या हाकेच्या?"

"म्हणायची पद्धत असते काका."

"पद्धत नको सांगू. चल."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला मागच्या भाताच्या खाचरात नेलं. भात कापून झालेला, सगळीकडे नुसता धसकटांचा सडा. मी पाठमोरं चालत सुटायचं, ते हाका मारणार, ऐकू येईनाशी झाली की मी हात वर करायचा, मग ते चाक फिरवत माझ्यापर्यंत येणार. त्यांची हाक दोनशे तीस मीटर भरली. मग काकूंना बोलावलं. काकू चुलीवर दूध ठेवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी काय हाक मारू?" आणि तेवढ्यात त्यांना दुधाची आठवण झाली. त्या जी ओरडल्या ती चारशे दहा मीटर भरली. शेवटी माझी पाळी. मी घसा साफ करून, पोट आत घेऊन हाक मारली. काकांनी वहीत लिहून ठेवलं: पुरुष दोनशे तीस, बाई चारशे दहा, भाडेकरू ऐंशी.

म्हशाच्या जत्रेतली गोष्ट काकू सांगायच्या. गर्दीत दोघांची चुकामूक झाली. काकूंनी कुणाच्या तरी फोनवरून कळवलं, "मी मोट्या पाळण्याजवळ उबी हाय." त्यावर काकांनी विचारलं, पाळण्याच्या कुठल्या बाजूला, खांबापासून किती पावलं, तुझी पावलं का माझी? काकूंनी फोन ठेवला आणि समोर उभ्या एसटीत बसून थेट घरी आल्या. काका चार तासांनी आले. पाळण्याच्या चारही खांबांपासून वीस-वीस पावलं त्यांनी पालथी घातली होती, आणि चूक आपली नव्हती हे त्यांनी सिद्धही केलं होतं. काकूंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं. "पाटापासनं दीड वीत हाय, मोजून घ्या," एवढंच बोलल्या.

तर असा हा माणूस. मी त्यांना हसायचो. मित्रांना फोन करून त्यांच्या नकला करायचो. नाकाने कांदे सोलणारे खूप बघितले होते मी, पण मला वाटायचं, यांच्याकडे कांदाही नाही. माझ्याकडे मात्र कंप्यूटर होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मी शाळांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात कंत्राटी संगणक चालक होतो. दर जूनला कंत्राट नवं व्हायचं, म्हणून दर एप्रिलपासून मी साहेबांच्या चपलेचा आवाजही ओळखायला लागायचो. त्या साली वरून काम आलं. ज्या शाळेत मुलं थोडी आणि एका किलोमीटरच्या आत दुसरी शाळा, अशा शाळांची यादी करा. त्या शाळांचं समायोजन होणार. म्हणजे साध्या भाषेत ती शाळा बंद, मुलं दुसरीकडे. साहेब म्हणाले, "केंद्रप्रमुखांना फिरवायचं तर महिना जाईल." मी म्हटलं, "सर, मी उद्या देतो."

शिक्षकांनी मोबाइलच्या ॲपवरून शाळेचं ठिकाण आधीच भरलेलं होतं. अक्षांश, रेखांश, सगळं तयार. पृथ्वी हा गोळा धरायचा, दोन ठिकाणांच्या साइन-कोसाइनची खिचडी शिजवायची, तिला पृथ्वीच्या त्रिज्येने गुणायचं, की दोन शाळांमधलं अंतर मीटरसकट ताटात. सूत्र एका घरात लिहिलं, खाली ओढलं, तालुक्यातल्या सगळ्या शाळांची अंतरं चहा निवायच्या आत तयार! मी स्वतःवर इतका खूश झालो की तक्ताही सुंदर केला. आधीच्या तक्त्यात 'शेरा' असा एक रकाना होता. तो छापताना कागदाबाहेर जात होता म्हणून मी काढून टाकला. साहेब म्हणाले, "बरं केलंत. शेरा कोण वाचत बसतं? आकडा बोलतो."

यादीत पहिल्या नंबरावर करवंदवाडीची शाळा होती. पट अकरा. ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेपासूनचं अंतर नऊ मीटर.

नऊ मीटर. हे वाचून शहाण्या माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. माझ्या मनात पाल सोडा, भिंतही नव्हती. त्या बाजूच्या सहा शाळा एकमेकींपासून दहा-पंधरा मीटरवर दिसत होत्या. मी समजूत करून घेतली की एकाच आवारात असतील बिचाऱ्या, जागेची टंचाई असेल. जंगलातल्या वाडीत जागेची टंचाई! पहिला वर्ग मिळवून डोकं असं वापरायचं असतं.

यादी साहेबांच्या टेबलावर गेली. सोमवारी ती वर जाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसलो आणि मुद्दाम काकांना बोलावलं. इतकी वर्षं चाक फिरवणाऱ्या माणसाला दाखवावं म्हटलं, जग कुठे गेलंय ते. सूत्र समजावलं. पृथ्वी गोल असते, म्हणून सरळ रेघ चालत नाही, कंस धरावा लागतो, असं सगळं हातवारे करून सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. मग चष्मा लावून त्यांनी पहिली ओळ वाचली.

"करवंदवाडी ते पलीकडचा गाव नऊ मीटर?"

"हो."

"मंग दोनी शाळांना घंटा एकच असंल."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"त्या वाडीचा कच्चा रस्ता मी केलाय," ते म्हणाले. "पृथ्वी गोल हाय ते मला ठाव हाय. मधी ओढा हाय ते तुला ठाव हाय का?"

मला नव्हतं ठाऊक. मी यादीतली एकही शाळा पाहिलेली नव्हती.

"वर कवा जातंय हे?"

"सोमवारी."

"उद्या तुला सुट्टी. शाळा सकाळची. गाडी काढ." आणि त्यांनी खिळ्यावरून चाक उतरवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मी, मागे काका, आणि काकांच्या हातात चाक भाल्यासारखं उभं धरलेलं, अशी आमची वरात निघाली. नाक्यानाक्यावर माणसं वळून बघत होती. शरमेने मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. काका मात्र सगळ्यांना हात करत होते.

करवंदवाडीची शाळा म्हणजे दोन खोल्या, एक वऱ्हांडा आणि समोर शेणाने सारवल्यासारखं स्वच्छ अंगण. बाई कसाऱ्याहून दुचाकीने यायच्या. मी कोण आणि कुठल्या यादीसाठी आलोय ते सांगितलं तशा त्या उभ्याच राहिल्या. कार्यालयातून माणूस आला म्हणजे काहीतरी वाईटच, हे त्यांना सवयीने कळलेलं. मी लॅपटॉप उघडून त्यांनी भरलेलं ठिकाण दाखवलं आणि विचारलं, हे कुठून भरलंत?

बाई म्हणाल्या, "आंब्याखालून."

"कुठल्या आंब्याखालून?"

"वर टेकडीवर एक आंबा आहे ना, पलीकडच्या गावाच्या डोक्यावर. या सगळ्या भागात रेंज फक्त तिथेच येते. सहा शाळांचे आम्ही सगळे तिथेच जातो. हजेरी तिथून, माहिती तिथून. ॲपमध्ये रेंज नसली की ठिकाण घेतच नाही, मग तेही तिथूनच भरलं. का हो सर, चुकलं का?"

चुकलं होतं, पण बाईंचं नाही. त्यांना जिथे उभं राहून बटण दाबता येत होतं तिथे त्यांनी ते दाबलं. माझं सूत्रही बिनचूक होतं. सहा शाळांचे शिक्षक आंब्याच्या सावलीत एकमेकांपासून किती अंतरावर उभे राहतात हे पृथ्वीची गोलाई धरून मी अचूक काढलं होतं! काका खाली बसले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून खिचडी शिजवणारी ताई पाणी घेऊन आली.

ताईची मुलगी त्याच शाळेत दुसरीत. ताईनेच विचारलं, "शाळा बंद होणार ती आमचीच का?"

आणि तीच पुढे म्हणाली, "माजी पोर मी वड्यापलीकडं धाडणार नाय. आता बगताव तर तिथं सुकं हाय. पावसात या. गेल्या साली माजी शेरडी गेली त्यात, डोळ्यासमोर. पोर घरी बसंल, पण वड्यात नाय घालणार."

बाई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांचंच असं आहे सर. शाळा गेली की ही अकरा मुलं पलीकडे जाणार नाहीत. शाळाच सोडतील."

"काय नाय जात शाळा," काका दांडा हातात घेत म्हणाले. "नऊ मीटर काय! दोन किलोमीटर तरी भरंल. आता मोजून देतो, सोमवारी ह्यो साहेबाला दाखवंल." मलाही हायसं वाटलं. आकडा चुकला होता, खरा आकडा आला की सगळं सुटणार, असा माझा साधा हिशोब होता.

शाळेच्या उंबऱ्यापासून चाक निघालं. मी मागे फेरे मोजत. पायवाट अंगणातून खाली उतरते, करवंदीच्या जाळ्यांमधून ओढ्यात जाते, गोट्यांवरून पलीकडे निघते आणि चढून गावातल्या शाळेच्या फाटकाशी संपते. ओढा कोरडा ठणठणीत होता. गोट्यांवर चाक उडायचं तिथे काका थांबून, चिंधी बघून, पुन्हा टेकवून पुढे जायचे. फाटकाशी पोचलो तेव्हा मी म्हणालो, "चारशे छत्तीस."

काकांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा उतरला. नऊशे एकोणसाठ मीटर. किलोमीटरच्या आत. एकोणीस फेऱ्यांनी आत.

"चुकलास तू," ते म्हणाले. "पुना."

परतताना त्यांनी स्वतः मोजले. चारशे सदतीस. पुन्हा एकदा गेलो. ऊन मी म्हणत होतं, माझा शर्ट पाठीला चिकटलेला. चारशे छत्तीस. शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन ते भिंतीला टेकून बसले. बाई आणि ताई आमच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आत मुलं खिचडीच्या ताटांचा आवाज करत होती.

मी मग माझी हुशारी पुन्हा पाजळली. म्हटलं, "काका, शेऱ्यात लिहू, मध्ये ओढा आहे म्हणून."

"शेऱ्याचा रकाना हाय का?"

तो मीच काढला होता. कागदावर बसत नव्हता म्हणून.

"आन घातलास तरी वाचतंय कोण तिकडं?" काका म्हणाले. चाकाची चिंधी बोटाने चाळवत राहिले. मग एकदम म्हणाले, "लिव. चारशे पंचावन्न फेरे. एक हजार एक मीटर."

मला वाटलं ऊन लागलं त्यांना. "काका, चारशे छत्तीस भरले."

"मला मोजता येतं. लिव सांगतो ना."

"पण काका, तुम्ही..."

"लिव रे बाबा!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की आत ताटांचा आवाज थांबला. "एक हजार एक लिव. सही माजी घे."

मी लिहिलं. एक हजार एक, लग्नाच्या आहेराचा आकडा. खोटं बोलायचं तर माणूस दीड किलोमीटर सांगतो, दोन सांगतो. पण काकांनी लागणारे तेवढेच एकोणीस फेरे घेतले होते, विसावा घेतला नव्हता. खाली 'मोजणी करणार' म्हणून त्यांनी सही केली. परत येताना रस्त्यात माणसं वळून बघत होतीच, पण या खेपेला काकांनी कुणाला हात केला नाही.

सोमवारी मी साहेबांपुढे उभा राहिलो. जून तोंडावर आलेला. सांगितलं की सर, यादी चुकली, चूक माझी आहे, मी एकही शाळा न बघता अंतरं काढली. आंब्याची हकिगत सांगितली, काकांच्या सहीचा कागद पुढे ठेवला. केबिनमध्ये आणखी चार-पाच अधिकारी बसले होते. साहेबच म्हणाले, "म्हणजे आपण आंब्याखालच्या शाळा बंद करायला निघालो होतो." त्यावर जो हशा झाला तो आजही कानात आहे. त्या दिवसापासून मी कार्यालयात 'आंबेवाले' झालो. शिपाईसुद्धा विचारायचा, "आंबेवाले, चहा घेणार का?" करवंदवाडी यादीतून निघाली. बाकीच्या सगळ्या शाळा पायी मोजून आणायचं काम मला मिळालं, आणि ते संपेपर्यंत माणूस हवाच म्हणून कंत्राटही मिळालं. महिनाभर मी ऊन, काटे आणि कुत्री यांच्यातून फिरलो. वजन पाच किलोने उतरलं. कॉलेजात मोठमोठी सूत्रं कोळून प्यायलेला मी, आता बायांना विचारत हिंडत होतो, "मावशी, पावसात पोरं कुठून जातात?"

घरी मात्र काका बिघडले होते. चाक खिळ्यावर होतं, पण खाली उतरत नव्हतं. मी करवंदवाडीची शाळा वाचल्याचे पेढे आणले. काकूंनी घेतला, काकांनी हात लावला नाही. कुणी म्हणालं, "अमुक गाव इथून दोन तासांवर," तरी काका चवताळत नसत. नुसते मान हलवत. काकू मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "ह्यांना डाक्टरकडं न्यू का? परवा म्या 'उलीसं लांब' म्हनलं, तर काय बोलले नाय रे." आणि त्यांचे डोळे भरून आले. उभा जन्म ज्या खोडीला त्या कावल्या, ती खोडी गेली म्हणून रडत होत्या. मला माझीच लाज वाटली. मी काढलेला रकाना, मी न पाहिलेली वाडी, मी न बघता ओढलेलं सूत्र, आणि खोटेपणाची सही त्या म्हाताऱ्याची.

जुलैत एके दिवशी सकाळी काका माझ्या खोलीच्या दारात उभे. अंगावर इरलं, हातात चाक. "गाडी काढ," म्हणाले. रात्रभर पडत होता आणि अजून थांबला नव्हता. मी म्हटलं, काका, या पावसात स्कूटर घसरेल. म्हणाले, "घसरू दे."

भिजून चिंब होऊन आम्ही करवंदवाडीला पोचलो. शाळा भरलेली होती. बाईंनी आम्हाला वऱ्हांड्यात बोलावलं, पण काका आत आलेच नाहीत. त्यांनी उंबऱ्यावर चाक टेकवलं, चिंधी खाली केली आणि निघाले. मी मागे फेरे मोजत. अंगण, उतार, करवंदीच्या जाळ्या. एकशे बाराव्या फेऱ्याला त्यांनी चाक थांबवलं, कारण त्याच्या पुढे वाट नव्हती.

एप्रिलमध्ये आम्ही ज्या गोट्यांवरून गेलो होतो ते कुठेच दिसत नव्हते. लाल पाणी काठाला घासत चाललं होतं. एक अख्खं झाड मुळांसकट आमच्या समोरून गेलं. पलीकडे गावातल्या शाळेचे पत्रे दिसत होते, अगदी डोळ्यासमोर. आवाज एवढा की काकांचं बोलणं ऐकायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"मोज," ते म्हणाले.

"काय मोजू काका?"

"हितनं पुढं मोज. तू शिकलेला हायस. किती होतंय सांग."

मी पाण्याकडे बघितलं. "नाही मोजता येत काका."

त्यांनी चाक चिखलात आडवं ठेवलं आणि माझा दंड घट्ट धरला. इरल्याखाली ते हुंदके देत होते. सबंध अंग हलत होतं त्यांचं.

"तीन महिने जेवण गोड लागलं नाय मला," ते म्हणाले. "वाटलं, आकडा फुगवला मी. मरताना तोंड काय दाखवू." त्यांनी पाण्याकडे हात केला. "एवढा वडा, आन मी एकोणीस फेरे लिवले. कमी लिवलं रे मी. लई कमी लिवलं."